बहू उद्देशीय शाळा

आमच्या शाळेच्या नव्या पाटीवरचा 'हू' दीर्घ निघाला, आणि त्या एका दीर्घापायी माझं लग्न जमत आलं होतं. आता हे सांगितलं की घरातली पोरं पोट धरून हसतात. हसू दे बाप्पा, मीही हसते. पण तेव्हा हसायची सोय नव्हती. मी आठवीत होते, आणि पुढच्या वर्षी नववीत जायचं की नवऱ्याच्या घरी, हे एका पेंटरच्या हातून ठरायला आलं होतं. त्या बिचाऱ्याला तरी काय ठाऊक? त्यानं जन्मभर चहाच्या हॉटेलांच्या आणि बिडी कारखान्यांच्या पाट्या रंगवलेल्या. 'बहुउद्देशीय' हा शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता, आम्हीही नव्हता. शब्द लांब, पत्रा आखूड. त्यानं शब्द मधेच तोडला. वरच्या ओळीत 'बहू', खालच्या ओळीत 'उद्देशीय उच्च माध्यमिक शाळा'. वरच्या ओळीत जागा उरली म्हणून त्यानं 'बहू'च्या दोन्ही बाजूंना एकेक कमळ काढून दिलं. कमळं मात्र खरोखर छान होती.

गावाला तेव्हा चांदाच म्हणायचे. मी शाळेसाठी माझ्या आईच्या मोठ्या बहिणीकडे, म्हणजे मोठीमायकडे राहायची. आईबाबा पोंभुर्ण्याकडच्या गावी, तिथे धानाची शेती आणि भोवताली जंगल, शाळा चौथीपर्यंतच. मोठीमायचं घर परकोटाच्या, म्हणजे गावाच्या तटबंदीच्या आत, पठाणपुऱ्याकडे, दोन खोल्यांचं. तिला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान, ज्यांना मी मोठेबाबा म्हणायची, ते कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे, तेही घराच्याच ओसरीत. त्यामुळे त्या घराचा आवाज म्हटला की मला अजून स्टोव्हला हवा भरल्याचा फस्‌फस्‌ आवाज ऐकू येतो, आणि मग तो पेटला की घुऽऽ. मोठेबाबा डोळे मिटून तो घुऽऽ ऐकायचे आणि कुठे बिघडलंय ते सांगायचे. सगळ्या घराला घासलेटाचा वास. भाताला, लाखोळीच्या वरणाला, पावसाळ्यात जंगलातून येणाऱ्या वास्त्यांच्या भाजीला, सगळ्याला थोडा थोडा घासलेटाचा वास असायचा आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, मोठीमाय रात्रभर पाण्यात ठेवून असे झणझणीत करायची की नाकाडोळ्यांतून पाणी. अजूनही कुणी मला आवडती भाजी विचारली तर मी तेच सांगते आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघत राहतो.

त्या वर्षी आमच्या शाळेला नवे मुख्याध्यापक आले. हिंदी मुलखातल्या सागरकडचे होते. मराठी त्यांनी शिकून घेतली होती, पण ती हिंदीच्या तालावर चालायची. एका सकाळी प्रार्थनेनंतर त्यांनी आम्हाला पटांगणात उभंच ठेवलं आणि सांगितलं की आतापर्यंत आपली शाळा एकाच उद्देशानं चालत होती, मॅट्रिक पास करवणं. हे फार गैर होतं. पुढच्या वर्षापासून आपली शाळा बहुउद्देशीय होणार. नववीपासून वेगवेगळे विभाग. कला, शास्त्र, शेतकी आणि मुलींसाठी गृहविज्ञान. प्रत्येक विभागाचा उद्देश वेगळा आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं आपला उद्देश ओळखून आपला विभाग निवडायचा. आम्ही पोरंपोरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. तोवर शाळेत कुणी आम्हाला उद्देश विचारला नव्हता. उशीर का झाला विचारायचे, नखं का वाढली विचारायचे.

मुख्याध्यापक हौशी माणूस. त्यांनी प्रत्येक विभागाच्या शिक्षकाला आपल्या विभागाचा उद्देश एका वाक्यात लिहून द्यायला सांगितलं आणि त्याच पेंटरकडून ती वाक्यं खोल्यांच्या दारांवर रंगवून घेतली. शास्त्राच्या दारावर आलं : 'निरीक्षण, प्रयोग व अनुमान यांची सवय लावणे.' कलेच्या दारावर : 'मनुष्यजीवनाची जाण व अभिरुची यांचा विकास करणे.' गृहविज्ञानाच्या दारावर : 'सुगृहिणी घडविणे.' शेतकीच्या दारावर उत्पादन वाढविण्याचं काहीतरी होतं, पण शेतकी मुलींना नव्हती. का नव्हती कोण जाणे. आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, बायाच करतात, वाकून वाकून पाठीचा काटा ढिला होतो, पण शेतकीचा विभाग मात्र पोट्ट्यांचा. तेव्हा मला हे खटकलंही नाही. राग आत्ता, हे लिहिताना येतो आहे.

परीक्षेआधीचे काही आठवडे आठवीच्या मुलांनी ज्या त्या विभागाच्या नमुन्याच्या तासाला बसून बघावं, असा हुकूम निघाला. मी सगळीकडे बसले. शास्त्राच्या सरांनी एका काचेच्या नळीतल्या पाण्यात निळा कागद बुडवला, तो लाल झाला. मग लाल कागद दुसऱ्या पाण्यात बुडवला, तो निळा झाला. का झाला हे त्यांनी सांगितलं, पण माझं लक्ष कागदाकडेच. मला वाटलं, हाच आपला विभाग. दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाईंनी कलेच्या वर्गात एक गोष्ट अर्ध्यापर्यंत वाचून दाखवली, तिच्यातली बाई नदीवर रडत बसते, आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा वाटलं, नाही, हाच. तिसऱ्या दिवशी गृहविज्ञानाच्या नव्या बाईंनी स्टोव्ह पेटवायला घेतला आणि तो पेटेना. मी उठून पिन घातली, हवा भरली, घुऽऽ करून दिला. घरचंच काम ते. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला जवळ घेऊन सांगितलं, तू इकडेच ये, मुली आल्या नाहीत तर हा विभागच बंद होईल. मी हो म्हटलं. शास्त्राचे सर भेटले, त्यांनाही हो म्हटलं. मराठीच्या बाईंनी विचारलं तेव्हा तर मी दोनदा हो म्हटलं. मी काही लबाड नव्हते, त्या त्या वेळी मला तसंच वाटायचं. संध्याकाळी घरी येताना मात्र डोक्यात नुसता काला व्हायचा आणि वाटायचं की इतर सगळ्यांना आपला उद्देश माहीत आहे, माझाच कुठे सांडला कोण जाणे.

घरी विचारायची सोय नव्हती, कारण घरी माझ्यापेक्षा मोठा गोंधळ. मोठेबाबांकडे शाळेचा चपराशी गृहविज्ञानाचे स्टोव्ह दुरुस्तीला घेऊन आला आणि बोलता बोलता म्हणाला, आमची शाळा आता भौद्देशी झाली. आमच्याकडे भाऊला सगळे भौच म्हणतात. मोठेबाबांनी त्याचा सरळ अर्थ लावला की शाळा आता भाऊलोकांसाठी, म्हणजे पोरांसाठी झाली, आणि पोरींना काढणार. त्यांना वाईट वाटलं. दोन दिवस ते माझ्याशी फार मायेनं वागले आणि मला कळेना काऊन. मोठीमायचं निराळंच. तिनं विभागांची नावं ऐकली आणि कपाळाला हात लावला. कला म्हणजे तिच्या लेखी दंडार. गावोगावी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या दिवसांत रातभर दंडार चालायची, त्यात पोरंच लुगडं नेसून नाचायची. 'पोट्टे नाचते थेच पाहवत नाई,' ती म्हणाली, 'अन् आता पोरीले नाचाले लावते का हे मास्तर?' शास्त्र म्हटलं तर तिला पंचांग आणि पोथी आठवायची. ते भटजीचं काम, आपल्याले कोन शिकवणार, आणि शिकवलं तरी आपल्या हातानं सत्यनारायण कोन घालून घेईन, हा तिचा प्रश्न. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की शास्त्र म्हणजे निळा कागद लाल होतो ते. ती म्हणाली, मंग ते जादूचं झालं. खरं सांगू का, यावरचं उत्तर मला अजूनही नीट सुचत नाही.

आता यात हमीदा खाला आली. हमीदा खाला आमच्या शेजारची, बांगड्यावाली. तिची सासू बांगड्या भरायची, मग ती भरायला लागली. खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन ती परकोटाच्या आतल्या सगळ्या गल्ल्या फिरायची आणि जत्रांनाही जायची. ती येत असली की आधी किणकिण ऐकू यायची, मग हाक. तिला देवनागरी वाचता येत होतं आणि त्याचा तिला मोठा अभिमान. एक दिवस ती शाळेवरून आली ती थेट आमच्या ओसरीत बसली आणि माझं नाव घेऊन मोठीमायला म्हणाली, 'अगं बाई, गिरजाचा स्कूल तो बहू का स्कूल हो गया. मी खुद्द वाचून आली. बोर्डावर कमळं काढले हायेत.'

बहू म्हणजे सून, हे चांद्यात कुणाला सांगावं लागत नाही. शेजारीपाजारी अर्धी भाषा हिंदीच. मोठीमायनं मला विचारलं, दारावर काय लिहिलंय. मी गृहविज्ञानाच्या दारावरचं सांगितलं, सुगृहिणी घडविणे. झालं. सगळं जुळलं. स्टोव्ह जुळले, कमळं जुळली. भाऊलोकांची शाळा हा मोठेबाबांचा ऐकण्यातला घोळ होता आणि खरी गोष्ट ही की सरकारनं सुना तयार करायची शाळा काढली, असं आमच्या ओसरीत त्या दिवशी पक्कं झालं. मोठेबाबांचा जीव भांड्यात पडला. मोठीमाय तर इतकी सुखावली की तिनं संध्याकाळी पातोडीचा रस्सा केला. आणि मी? मी जेवले. मलाही वाटलं, असेल. पाटी मीही रोज वाचत होते. मुख्याध्यापकांच्या बोलण्यातलं निम्मं मला कळत नव्हतं, तेव्हा राहिलेल्या निम्म्यात हे असू शकतं.

महाशिवरात्रीला हमीदा खाला मार्कंड्याच्या जत्रेत गेली. वैनगंगेच्या वाळूत दुकानं लागतात, लांबलांबचे लोक येतात. तिथे आरमोरीकडच्या एका घरची बाई तिच्याकडे बांगड्या भरायला बसली आणि बोलता बोलता म्हणाली की आमच्या पोरासाठी पोरगी पाहून राह्यलो, पण आजकालच्या पोरींना काही येत नाही. हमीदा खालाच्या पोटात कधी काही राहिलं नाही. तिनं सांगून टाकलं की चांद्यात सुनांची शाळा निघाली, सरकारी, बोर्ड लावलाय, आणि माझ्या शेजारची पोरगी तिथे आहे, नाकीडोळी नीटस. तिचा हेतू वाईट नव्हता. माझ्यावर तिचा जीव होता, सणाला माझ्या हातात ती सगळ्यांआधी बांगड्या चढवायची. पण त्या बाईनं तिथल्या तिथे आमचं घर विचारून घेतलं.

ते लोक बैलबंडीनं आले. पोरगा नव्हता, त्याचे आईवडील आणि एक काका. पोरगा घरी शेती बघतो असं सांगितलं. मोठीमायनं मला तिचं नऊवारी नेसवलं, माझ्या अंगावर ते उभंच राहीना, दर चार पावलांना निऱ्या धराव्या लागायच्या. चहा झाला, चिवडा झाला. मग पोराच्या वडलांनी मला समोर बसवलं. चांगला माणूस होता, हे मी आजही म्हणेन. आवाज मऊ होता. त्यांनी विचारलं, बाई, तुमच्या शाळेत काय काय शिकवते?

काय सांगावं सुचेना, म्हणून मी दारांवरचं म्हणून दाखवलं, एका दमात, जसं रोज वाचत होते तसं. निरीक्षण, प्रयोग व अनुमान यांची सवय लावणे, मनुष्यजीवनाची जाण व अभिरुची यांचा विकास करणे, सुगृहिणी घडविणे. पोराच्या वडलांनी मान हलवली. काका म्हणाले, मान देनं शिकवते म्हंते, चांगलं हाये. ते 'अनुमान' मधला मान घेऊन बसले होते. पोराच्या आईनं माझ्या हनुवटीला हात लावून बोटं मोडली. पसंती झाली. माझ्या बाबांना निरोप पाठवा, परीक्षा झाली की बोलणी करू, असं ठरवून ते उठले. जाताना पोराच्या आईनं मोठीमायला विचारलं की आठवीपर्यंत शिकली म्हणजे सून होण्यापुरतं झालंच ना. मोठीमाय म्हणाली, झालंच.

ते 'झालंच' मला नीट ऐकू आलं. तोवर मला हे सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं वाटत होतं. शाळा संपली. निळा कागद संपला, त्या नदीवरच्या बाईची गोष्ट पुढे काय झाली ते कळायचंच राहिलं. मला लग्न नको होतं का? तेही नीट सांगता येत नव्हतं. सगळ्यांचीच लग्नं होत होती, माझ्या गावच्या मैत्रिणींची झाली होती. मला एवढंच कळत होतं की अजून काहीतरी बघायचं राहिलंय आणि ते काय हे मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मागायचं कसं? दुसऱ्या दिवशी शाळेत तिन्ही शिक्षकांनी पुन्हा विचारलं की कुठला विभाग नक्की केलास. मी तिघांनाही हो म्हणाले आणि घरी येऊन अंथरुणात तोंड खुपसून रडले. मोठीमायला वाटलं, पोरगी सासरच्या आठवणीनं रडते. सासर अजून पाहिलंही नव्हतं, बाप्पा.

बाबा आले ते मोहाच्या दिवसांत. माझे बाबा म्हणजे उंच, काटकुळे, बोलायला कमी. त्यांच्या धोतराला, हातांना, पिशवीला मोहाच्या फुलांचा गोडसर दाट वास येत होता. गावी पहाटेपासून फुलं वेचणं चाललेलं असणार. आईनं वाळलेली फुलं भाजून, कुटून, तीळ घालून लाडू पाठवले होते. बाबांनी हातपाय धुतले, मोठीमायचं सगळं ऐकून घेतलं. स्थळ चांगलं आहे, शेती आहे, माणसं मऊ आहेत, मागणं काही नाही, पोरगी सुनांच्या शाळेतली म्हणून स्वतः चालून आले. मोठेबाबा मधे म्हणाले, मी आधी भौंची शाळा ऐकलं होतं पण ती बहूंची निघाली. बाबा बराच वेळ लाडू खात होते. मग ते म्हणाले की उद्या मी शाळेत जाऊन येतो, आपली पोरगी कशात बसते ते पाहून येतो, मग त्या लोकांना निरोप देऊ. नकार नव्हता त्यांच्या मनात, हे मी सांगून ठेवते. त्यांना फक्त पाहायचं होतं. बाजारात बैल घेतानाही ते असेच सगळीकडून फिरून यायचे.

सकाळी मी पुढे आणि ते मागे. फाटकाशी ते पाटीखाली थांबले आणि मान वर करून एकेक अक्षर लावत वाचलं. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते, वाचता यायचं, वेळ लागायचा. मग आतली दारं वाचली. पोरं खिडक्यांतून बघत होती आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. शास्त्राच्या दारापाशी त्यांनी मला विचारलं, 'अनुमान म्हंजे काय वं?' मी म्हटलं, दिसलं त्यावरून न दिसलेलं ओळखणं. सरांनी तसंच सांगितलं होतं. बाबा म्हणाले, 'म्हंजे जंगलात वाघाचा माग पाहते तसं.' मी म्हटलं, हो. एवढं एकच त्या वर्षात मला कुणीतरी नीट समजावलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांनी खुर्ची दिली, बाबा बसले नाहीत. तिन्ही विभागांच्या शिक्षकांना मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, कारण पालक स्वतः चालत आलेला त्यांनी पहिल्यांदा पाहिला होता. बाबांनी हात जोडले आणि विचारलं, 'मास्तरजी, ही शाळा बहूची हाये का भौची?'

मुख्याध्यापकांना काही समजलं नाही. त्यांनी मराठीच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर तोंडाला लावला, हसू आवरेना त्यांना, मग माझा चेहरा बघून आवरलं. त्यांनी बाबांना समजावलं की बहु हा ऱ्हस्व, त्याचा अर्थ पुष्कळ. पाटीवर चुकून दीर्घ झाला आहे. पुष्कळ उद्देशांची शाळा, एवढंच. सुनांचा काही संबंध नाही. मुख्याध्यापक तडक खिडकीशी गेले, पाटीकडे पाहिलं, आणि इतके महिने त्यांनी ती कमळंच पाहिली होती हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बाबा म्हणाले, 'मंग पुष्कळ असं लिहाचं ना जी. आमी त्याच्यावर सोयरीक पक्की करून राह्यलो.'

हे ऐकून खोलीतले सगळे गंभीर झाले. गृहविज्ञानाच्या बाई म्हणाल्या, आठवीतून कशाला काढता, माझ्याकडे द्या. शास्त्राचे सर म्हणाले, तिनं मला शब्द दिलाय. मराठीच्या बाई म्हणाल्या, मला तर दोनदा. माझी मान खाली गेली ती वर येईना. मुख्याध्यापकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि आपल्या पुस्तकी मराठीत बाबांना म्हणाले की आपण मुलीचा उद्देश सांगावा, त्याप्रमाणे विभाग ठरेल. आणि उद्देश विवाहाचा असेल तर शाळा काही करू शकत नाही.

बाबा म्हणाले, मी कसा सांगू, थे इथीच उभी हाये. आणि माझ्याकडे वळले.

'सांग वं गिरजे. तुहा काय उद्देश हाये?'

सगळे माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं की इथे काहीतरी म्हटलं तर सुटका आहे. शास्त्र म्हटलं असतं तरी चाललं असतं, काहीही म्हटलं असतं तरी. दारांवरचं पाठ होतं. पण ते आरमोरीच्या लोकांपुढे म्हणून झालं होतं आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं. मोठीमायच्या ओसरीत, शाळेत, सगळीकडे मी वर्षभर हो म्हणत आले होते. बाबांच्या हातांना मोहाचा वास येत होता. त्यांच्यापुढे माझ्याच्यानं हो म्हणवेना.

'मले नाई माहीत बाबा,' मी म्हटलं.

मला वाटलं, संपलं. ज्या पोरीला उद्देशच नाही तिला पुष्कळ उद्देशांची शाळा तरी कशाला ठेवून घेईल? बाबा रागावले नव्हते. मग ते मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, 'मास्तरजी, जिले माहीत नाई तिले कोन्त्या खोलीत बसवता?'

तिन्ही शिक्षक एकदम बोलले. आमच्याकडे, आमच्याकडे, आमच्याकडे. मुख्याध्यापक मोठ्यानं हसले; आम्ही त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. बाबाही हसले. म्हणाले, 'मंग बसू द्या तिले. माहीत होयेपरेंत बसू द्या.'

आरमोरीला बाबा स्वतः गेले. त्यांनी त्या लोकांना सांगितलं की पोरीला अजून माहीत नाही. काय माहीत नाही, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, थेच तं माहीत नाई. सोयरीक तिथेच मोडली. मोठीमाय माझ्याशी आठवडाभर बोलली नाही आणि हमीदा खालानं येऊन कान धरले, की मी आता नुसत्या बांगड्या विकीन, बोर्ड वाचणार नाही. पेंटर पुन्हा आला आणि त्यानं दीर्घ ऊकार खरवडून ऱ्हस्व केला. पण जुना रंग पुरता गेला नाही, पावसाळ्यात पाटी ओली झाली की तो शेपटा पुन्हा दिसायचा. मी शास्त्रात बसले. का, ते विचारू नका. त्या खोलीचं दार फाटकापासून पहिलं होतं आणि वाघाच्या मागाचं डोक्यात राहिलं होतं. मधल्या सुट्टीत मराठीच्या बाईंकडून त्या गोष्टीचा शेवटही ऐकून घेतला.

त्यानंतर दरवर्षी मोहाच्या दिवसांत बाबा लाडू घेऊन यायचे. आधी चांद्याला, मॅट्रिकनंतर नागपूरच्या वसतिगृहात. हातपाय धुऊन बसले की एकच विचारायचे, 'झालं का वं माहीत?' मी म्हणायची, नाई बाबा. ते म्हणायचे, 'बरं.' मग गावाकडे जाऊन, जी कुणी स्थळं घेऊन येतील त्यांना सांगायचे की पोरीला अजून माहीत नाही. लोक हसायचे त्यांना, नावं ठेवायचे, पोरगी जून झाली म्हणायचे. ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही, आईनं पुढे सांगितलं.

नागपूरला एका वर्षी मी मास्तरकीच्या वर्गालाही बसून पाहिलं; तिथून आम्हाला एका शाळेत पाठ घ्यायला पाठवलं. मी एका वर्गासमोर उभी राहून निळा कागद बुडवला, तो लाल झाला, आणि पहिल्या बाकावरची एक पोरगी तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिली. ती काय विचारणार ते तिनं विचारायच्या आधीच मला कळलं, आणि मलाही माझं माहीत झालं. त्याच महिन्यात बाबा आले. थकले होते, जिना चढून दम लागला होता. लाडवांची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि नेहमीसारखं विचारलं. माहीत झालं म्हटलं तर ते पुढच्या वर्षी काय विचारतील, असं माझ्या मनात आलं.

'नाई बाबा,' मी म्हटलं.

'बरं,' ते म्हणाले.